पहिल्या पिस्तुलावरचे ओरखडे आणि नवी ग्रिप: घरी करण्याजोगे काम आणि न करण्याजोगे

पहिले पिस्तूल बहुतेकदा वापरलेलेच मिळते. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल अडकवायच्या म्यानात, घासून त्याच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या मुख्य सांगाड्यावर, एखादा ठळक ओरखडा असतो आणि आधीच्या मालकाच्या हाताने ग्रिपवरची, म्हणजे मुठीवरची, नक्षी गुळगुळीत झालेली असते. कोरे पिस्तूल घेतले तरी पहिल्या काही साफसफाईतच त्यावर चरे उठतात. हे दोष दिसण्यापुरते असतात. त्यांमुळे नेम चुकत नाही आणि काडतूसही अडकत नाही. म्हणूनच नवख्याने त्यांची दुरुस्ती स्वतः करायला हरकत नसते. मात्र ओरखड्याने पिस्तुलाचे जे नुकसान होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान उतावीळपणे केलेल्या दुरुस्तीने होते, हे हात लावण्यापूर्वीच मनाशी पक्के केलेले बरे. धातूवरचा थर एकदा घासून काढला की तो पुन्हा जसाच्या तसा चढवणे घरी शक्य नसते. त्यामुळे सर्वांत सौम्य उपाय आधी करून पाहावा, त्याने भागले तर तिथेच थांबावे, आणि पुढची पायरी केवळ गरज पडली तरच चढावी.

काम सुरू करण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करणे ही उपचारापुरती पाळायची गोष्ट नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, मग स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून अडकवावी, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीच्या टोकाने चाचपूनही घ्यावे. हा क्रम उलटा करू नये; मॅगझिन आत असताना स्लाइड मागेपुढे केली, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. कामातून उठून परत आल्यावर, मधे कोणी हात लावला नाही अशी खात्री असली तरी, चेंबर पुन्हा पाहावे. त्यानंतर उत्पादकाच्या पुस्तिकेत नेहमीच्या साफसफाईसाठी जेवढे सुटे करायला सांगितले आहे, तेवढेच पिस्तूल उघडावे. वरवरच्या कामासाठी त्यापलीकडे खोलण्याची गरज पडत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टीही इथेच सांगायला हव्यात. शस्त्रावरचा सिरियल नंबर पुसट करणे किंवा बदलणे हा बहुतेक देशांत गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे त्या आकड्यांवर किंवा त्यांच्या आसपास पॉलिशपेपर, रसायन, रंग यांपैकी काहीही लावू नये. ओरखडा नेमका नंबरावरून गेला असेल तर तो तसाच राहू द्यावा. शिवाय परवानाधारकाने स्वतः कोणते काम करावे आणि कोणते अधिकृत शस्त्र कारागिराकडून करून घ्यावे याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. आपल्याला लागू असलेले नियम आधी तपासून घ्यावेत.

धातू आणि थर ओळखणे

या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त वगळला जातो. एका थरासाठी उत्तम ठरणारा उपाय दुसऱ्या थराचा नाश करू शकतो. एकाच पिस्तुलाची स्लाइड आणि फ्रेम वेगवेगळ्या धातूंच्या, वेगवेगळा थर दिलेल्या असू शकतात, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ओळखावा लागतो.

आधी लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक अजिबात चिकटला नाही तर फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, आणि तिच्यावरचा काळा थर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने धातूवरच बनवलेल्या कठीण ऑक्साइडचा, असतो. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद आहे एवढेच कळते; ते साधे कार्बन पोलाद की स्टेनलेस, हे चुंबक सांगत नाही, कारण पिस्तुलासाठी वापरले जाणारे अनेक स्टेनलेस प्रकारही चुंबकाला चिकटतात. तिथे रंग आणि कारखान्याची माहितीच उपयोगी पडते.

साध्या पोलादावर पारंपरिक थर असतो ब्लूइंगचा. पोलादाचे सुटे भाग सुमारे 140 अंश सेल्सियसला उकळणाऱ्या कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या द्रावणात बुडवले की पृष्ठभागावरच्या लोखंडाचेच मॅग्नेटाइट नावाचे काळे ऑक्साइड बनते. म्हणजे ब्लूइंग हा वरून चढवलेला रंग नसून धातूचीच बदललेली त्वचा असते, आणि ती इतकी पातळ असते की पॉलिशपेपरचे दोन-चार हात तिला पुरे होतात. करड्या, किंचित खरखरीत आणि तेल धरून ठेवणाऱ्या थराला पार्कराइझिंग म्हणतात; तो फॉस्फेटचा असतो. आजच्या अनेक काळ्या स्लाइडींवर नायट्रायडिंगची प्रक्रिया केलेली असते, जिने धातूचा पृष्ठभागच अतिशय कठीण होतो. याशिवाय निकेलचा मुलामा, हार्ड क्रोम आणि सेराकोटसारखे भट्टीत पक्के केलेले लेप आढळतात. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, फ्रेमवर मात्र थर असा काही नसतो. रंग त्या पदार्थातच असतो.

ओरखडा आहे की नुसता डाग?

जे ओरखडे म्हणून डोळ्यांत खुपते, त्यातले बरेचसे ओरखडे नसतातच. पितळेची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाताना स्लाइडला घासून गेली की तिथे पिवळसर पट्टा उमटतो. मऊ धातूची एखादी वस्तू कठीण स्लाइडवर घासली गेली तरी त्या वस्तूचाच धातू वर चिकटून बसतो आणि चंदेरी रेघ दिसते. नायट्रायडिंग केलेल्या स्लाइडीवर तर बहुतांश रेघा अशाच असतात. पारख सोपी आहे. नखाचे टोक रेघेला आडवे फिरवावे. नख अडखळले नाही तर रेघ वरची आहे. अडखळले तर धातू खरोखर खरवडला गेला आहे.

वरच्या रेघेसाठी मऊ सुती कापडावर थोडे बंदुकीचे तेल घेऊन ती चोळावी आणि काही वेळ तसेच मुरू द्यावे. त्याने न गेल्यास तेलात चांगला भिजवलेला, 0000 क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूलचा बोळा ब्लूइंग किंवा नायट्रायडिंग असलेल्या पोलादावर अगदी हलक्या हाताने फिरवावा. तेल हवेच, कोरडा बोळा स्वतःच चरे पाडतो. दर चार-पाच हातांनंतर पुसून पाहावे. ब्लूइंगवर आलेला तांबूस गंजही याच पद्धतीने निघतो. मात्र व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा गंज काढायची आम्लयुक्त जेली ब्लूइंगच्या जवळपासही आणू नये. ब्लूइंग हेही लोखंडाचे ऑक्साइडच आहे; जे रसायन गंज विरघळवते ते ब्लूइंगलाही सोडत नाही, आणि काही मिनिटांत तिथे उघडे, राखाडी पोलाद दिसू लागते.

ब्लूइंगवरचा खरा ओरखडा

नख अडखळणारा ओरखडा डोळ्यांत भरतो तो दोन कारणांनी. त्याच्या तळाशी उघडे चकचकीत पोलाद असते, आणि त्याच्या दोन्ही काठांवर उसवलेल्या धातूची बारीक धार उभी राहिलेली असते, जिच्यावर उजेड चमकतो. ही दोन कारणे दूर केली की ओरखडा तिथेच असूनही हातभर अंतरावरून दिसेनासा होतो. म्हणून तो पूर्ण नाहीसा करण्याच्या मागे लागू नये. तसे करायचे तर आजूबाजूचा धातू ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो, आणि मग सपाट स्लाइडीवर खळगा पडतो, कोरीव अक्षरे झिजतात आणि कडांची धार जाते.

काठांची धार बसवण्यासाठी अतिशय बारीक कणांचा तेलाचा धारदगड घ्यावा, त्यावर तेलाचा थेंब टाकावा आणि तो ओरखड्यावर सपाट ठेवून केवळ स्वतःच्या वजनाने दोन-तीन वेळा सरकवावा. बोटाने चाचपल्यावर खरखर लागेनाशी झाली की काम झाले. कानस इथे वापरू नये.

तळ काळा करण्यासाठी कोल्ड ब्लू नावाचे द्रावण मिळते. बर्चवुड केसीचे परमा ब्लू किंवा ब्राउनेल्सचे ऑक्सफो ब्लू ही त्यातली जुनी, परिचित नावे आहेत. नावात ब्लू असले तरी त्याने कारखान्यातल्यासारखे ब्लूइंग होत नाही. बहुतेक द्रावणांत आम्ल, तांब्याचा क्षार आणि सेलेनियमचे संयुग असते, आणि पोलादावर त्यांचा काळा थर साचतो. तो मूळ थरापेक्षा मऊ असतो, गंजापासून फारसा वाचवत नाही आणि हाताळणीने हळूहळू उडतो. छोट्या ओरखड्यासाठी आणि झिजलेल्या कडांसाठी हे द्रावण चांगले आहे. अख्ख्या स्लाइडीसाठी नाही. साध्या पोलादाखेरीज स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा क्रोमवर त्याचा उपयोग होत नाही. सेलेनियमची संयुगे विषारी असल्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून काम करावे, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ते कधीही करू नये.

आधी ओरखड्याच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावावी. मग ती जागा ॲसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलविरहित करावी, आणि कापसाचा नवा बोळा काळा होणे थांबेपर्यंत पुसत राहावे. कोल्ड ब्लूचे काम बिघडते ते बहुतेकदा इथेच: बोटाचा एक ठसा राहिला तरी तेवढ्या जागी द्रावण धरत नाही आणि ठिपक्यांचा डाग पडतो. ॲसिटोनने नेम धरायच्या साइटवरचे पांढरे ठिपके आणि कोरीव अक्षरांत भरलेला रंगही निघतो, आणि पॉलिमर तर विरघळू शकते, तेव्हा ते बोळ्यावर घ्यावे, ओतू नये. त्यानंतर हेअर ड्रायरने धातू हाताला कोमट लागेल इतपत तापवावा. कोमट पोलादावर रंग अधिक गडद येतो. कापूस गुंडाळलेल्या काडीवर थोडेसेच द्रावण घेऊन ते ओरखड्यावर फिरवत राहावे. काही सेकंदांत चकचकीत रेघ आधी राखाडी, मग निळसर काळी होते. अर्ध्या-एक मिनिटाने पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसावे, कोरडे करावे, 0000 स्टील वूल अगदी अलगद फिरवून वरची काजळी काढावी आणि गरज वाटल्यास हीच फेरी पुन्हा करावी. एका दाट हातापेक्षा तीन-चार पातळ हातांनी रंग एकसारखा बसतो. मूळ ब्लूइंगच्या छटेशी तो तंतोतंत जुळेलच असे नाही. किंचित वेगळा दिसला तरी पांढऱ्या रेघेपेक्षा केव्हाही बरा.

शेवटी जागा पाण्याने नीट धुऊन, पूर्ण सुकवून भरपूर तेल लावावे आणि पिस्तूल तसेच रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते तेल पुसून पुन्हा लावावे. हे दुसरे तेल टाळू नये. द्रावणातले आम्ल बारीक चऱ्यांत मागे राहिलेले असते, आणि ज्या ओरखड्यासाठी एवढे केले त्याच रेघेत चार दिवसांनी तांबूस गंज उगवतो.

स्टेनलेस आणि इतर थर

घासकाम केलेल्या स्टेनलेसवरचा ओरखडा ही सर्वांत सुखाची दुरुस्ती आहे, कारण तिथे थरच नसतो. दिसतो तो एका दिशेने ओढलेल्या बारीक रेघांचा पोत. उजेडात तिरपे धरून त्या रेघांची दिशा पाहावी. बारीक, राखाडी रंगाचा स्कॉच-ब्राइट पॅड घेऊन तो त्याच दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ ओढावा. मागेपुढे किंवा गोलाकार घासले की तेवढा भाग वेगळा चमकतो. नुसत्या ओरखड्याच्या जागी न घासता ती संपूर्ण सपाट बाजू घ्यावी, म्हणजे पोत अखंड राहतो. ओरखडा खोल असेल तर आधी 400 आणि मग 600 क्रमांकाचा पॉलिशपेपर सपाट लाकडी तुकड्याभोवती गुंडाळून त्याच दिशेने ओढावा. बोटाच्या दाबाने वापरलेला पेपर खड्डे पाडतो. साधे स्टील वूल स्टेनलेसवर वापरू नये, कारण त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तेच गंजून ठिपके दिसतात. बारीक मणी फवारून मॅट केलेला स्टेनलेसचा भाग असेल, तर तो पोत हाताने साधत नाही. तिथे पॅड फिरवणे म्हणजे नवा डाग पाडणे होय.

ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमसाठी ॲल्युमिनियम काळे करणारे वेगळे द्रावण मिळते. कृती वरच्यासारखीच, पण जागा शक्य तितकी लहान ठेवावी, आणि थर स्वतःहून घासू नये, कारण तो कठीण थर मऊ धातूचे कवच असतो. निकेलच्या मुलाम्यावर काहीही घासू नये. त्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो, आणि अमोनिया असलेले नळी साफ करायचे द्रावण चिरेतून आत शिरले तर मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. सेराकोटसारख्या लेपावर जुळणाऱ्या रंगाचा सूक्ष्म ठिपका देण्यापलीकडे जाऊ नये. पॉलिमरवरचा पांढुरका चरा आहे तसा ठेवावा हे माझे स्पष्ट मत आहे. पोत असलेल्या फ्रेमवर पॉलिशपेपर लावला की तिथे तुळतुळीत चट्टा उरतो, आणि तो चऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

काही जागा कोणत्याही थराच्या असल्या तरी वर्ज्य समजाव्यात: स्लाइड सरकते ते रूळ, नळीचे तोंड, काडतूस चढते तो उतार, चेंबरची आतली बाजू आणि चाप व घोडा यांचे एकमेकांत अडकणारे भाग. तिथली झीज ही दिसण्याची बाब नसते. तसेच पिस्तूल जुने आणि संग्राह्य असेल, तर त्याच्या मूळ थरावरचे व्रण हाच त्याच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. त्याला तेलाच्या कापडाखेरीज काही लावू नये.

एका विशिष्ट ओरखड्याचा उल्लेख इथे हवाच. अमेरिकी लष्कराने 1911 मध्ये स्वीकारलेल्या जॉन ब्राउनिंगच्या रचनेची पिस्तुले आजही असंख्य कंपन्या बनवतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या डाव्या बाजूला, स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या स्लाइड स्टॉपच्या खाली, फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा असतो. जोडणी करताना स्लाइड स्टॉपचे टोक फ्रेमवर घासत वर ढकलले की तो पडतो. तो टाळण्यासाठी त्या जागेवर मास्किंग टेप लावावी. स्लाइड स्टॉपचा दांडा नळीच्या कडीतून आरपार गेला की त्याची मागची बाजू फ्रेमपासून किंचित उचलून, खाचेच्या नेमके खाली आणावी. दुसऱ्या हाताने पातळ प्लास्टिकच्या पट्टीने समोरचा छोटा स्प्रिंगवरचा खटका मागे दाबावा, आणि मगच स्टॉप सरळ वर आणि आत ढकलावा. ओरखडा आधीच पडलेला असेल तर कोल्ड ब्लूचे हात देऊन तो काळा करता येतो, पण पद्धत बदलली नाही तर पुढच्याच साफसफाईत तो पुन्हा उजळतो.

नवी ग्रिप निवडणे

ग्रिप ही दिसण्यापेक्षा हाताची गोष्ट आहे. हात नैसर्गिकपणे बसल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर सरळ यावी. बोट ताणावे लागत असेल तर पातळ ग्रिप घ्यावी, बोट चापाच्या पलीकडे जात असेल तर जाड. अक्रोडाचे किंवा शिसवीचे लाकूड हाताला उबदार लागते, पण हवेतल्या ओलाव्याने किंचित फुगते आणि आकसते. रबर धक्का शोषते, मात्र कपड्यांना अडकते आणि साफसफाईच्या द्रावणाने कालांतराने मऊ पडते. जी-10 हे काचतंतू आणि इपॉक्सीचे दाबून केलेले थर असतात; ओल्या हातातही ते घट्ट धरते आणि तेलाने बिघडत नाही. त्याला कापणे किंवा घासणे आले तर ते ओले करून आणि मास्क लावून करावे, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पहिल्या पिस्तुलासाठी, ज्याला रोज सराव करायचा आहे त्याने जी-10 किंवा लाकूड यांतून निवड करावी असे मला वाटते.

पिस्तुलाचे नाव जुळले म्हणून ग्रिप जुळेल असे समजू नये. 1911 धर्तीच्या पूर्ण आकाराच्या फ्रेमवर दोन स्क्रूंमधले अंतर सुमारे 78 मिलिमीटर असते आणि आखूड फ्रेमवर सुमारे 68. एकाची ग्रिप दुसऱ्याला लागत नाही. सीझेड 75 ला प्रत्येक बाजूला एकच स्क्रू असतो. वॉल्थर पीपीके या पिस्तुलाची ग्रिप मागून वळून दोन्ही बाजू झाकते. ग्लॉकसारख्या पॉलिमरच्या पिस्तुलांना पॅनेल, म्हणजे ग्रिपच्या दोन बाजूंच्या सुट्या फळ्या, नसतातच; तिथे मागची बदलती पाठ, ओढून चढवायची रबरी बाही किंवा चिकटवायची खरखरीत पट्टी एवढेच पर्याय राहतात. दोन्ही अंगांना सेफ्टी (गोळी सुटू न देणारा खटका) असलेल्या 1911 मध्ये उजव्या पॅनेलला आतून खाच लागू शकते, आणि ती असलेलीच ग्रिप मागवावी.

जुनी ग्रिप काढणे आणि नवी बसवणे

या कामात पहिला बळी जातो तो स्क्रूच्या खाचेचा. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते, त्यामुळे जोर दिला की ते खाचेतून वर सरकते, खाचेचे ओठ उलटे होतात आणि पाते ग्रिपवरून किंवा फ्रेमवरून लांब चरा ओढून थांबते. बंदुकीच्या कामासाठी समांतर बाजूंची पाती मिळतात. खाचेत टोकापासून टोकापर्यंत बसणारे, बाजूला न हलणारे पाते घ्यावे, ते सरळ उभे धरावे, वरून दाबावे आणि मगच फिरवावे. खाचेऐवजी षटकोनी किंवा तारेच्या आकाराचे डोके असेल तर त्याच मापाची किल्ली घ्यावी.

स्क्रू फिरत असताना त्याच्यासोबत खालचे बुशिंग फिरत नाही ना, इकडे लक्ष ठेवावे. 1911 मध्ये स्क्रू थेट फ्रेममध्ये न जाता एका छोट्या, आतून-बाहेरून आटे असलेल्या बुशिंगमध्ये बसतो, आणि स्क्रू गंजून धरलेला असला की दोन्ही मिळून निघतात. फ्रेममधले आटे बारीक असल्यामुळे ते बिघडले तर कारागिराकडेच जावे लागते. स्क्रू जड वाटला तर त्यावर गंज सैल करणाऱ्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर थांबावे. बुशिंग निघालेच, तर आटे स्वच्छ करून, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे पक्के धरून ठेवणारे द्रव) लावून, ते बुशिंगच्या खास पात्यानेच बसवावे आणि थ्रेडलॉकर पूर्ण वाळेपर्यंत ग्रिपला हात लावू नये.

पॅनेल उपटू नये. आतल्या बाजूने, मॅगझिनच्या पोकळीतून, स्क्रूच्या भोकाशी लाकडी काडीने हलके ढकलले की ते सुटते. उचलताना सावकाश आणि खाली मऊ कापड अंथरून उचलावे, कारण काही पिस्तुलांत पॅनेलच एखाद्या स्प्रिंगला जागेवर धरून ठेवते. बेरेटा 92 मध्ये उजव्या पॅनेलखाली चापाच्या पट्टीची स्प्रिंग असते आणि पॅनेल निघताच ती उसळून जाऊ शकते. 1911 चे डावे पॅनेल फ्रेमवरच्या प्लंजर नळीला (सेफ्टी आणि स्लाइड स्टॉपची स्प्रिंग धरणाऱ्या छोट्या नळीला) खालून आधार देते. म्हणून नव्या पॅनेलची वरची कड त्या नळीखाली नीट बसते की नाही हे पाहावेच. उघडे पडलेले सगळे एकदा छायाचित्रात टिपून ठेवावे. ग्रिपखाली घाम आणि धूळ साचून गंज धरलेला असतो, तोही याच वेळी तेल आणि बारीक स्टील वूलने काढावा.

नवे पॅनेल आधी स्क्रूशिवाय, नुसते ठेवून पाहावे. ते स्वतःच्या वजनाने बुशिंगवर उतरायला हवे. एका कोपऱ्यावर बोट दाबल्यावर समोरचा कोपरा उचलला जात असेल, तर खाली कुठेतरी ते टेकत आहे. जागा शोधण्यासाठी बुशिंगच्या आणि फ्रेमच्या उंच भागांवर मऊ पेन्सिल गिरवावी, पॅनेल दाबून उचलावे, आणि आतल्या बाजूला जिथे काळा ठसा उमटेल तेवढेच बारीक पॉलिशपेपरने उतरवावे. भोक किंचित सरकलेले असेल तर गोल काडीभोवती पेपर गुंडाळून पॅनेलचेच भोक रुंद करावे. फ्रेमला किंवा बुशिंगला कधीही घासू नये, आणि स्क्रू तिरपा घालून पॅनेल ओढून बसवण्याचा मोह टाळावा. लाकूड तिथूनच, भोकापासून कडेपर्यंत, तडकते. लाकडी पॅनेलची आतली बाजू कोरी असेल तर तिलाही जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्यावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओलावा सारखा लागतो आणि पिस्तुलाचे तेल मुरत नाही. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवाव्यात.

स्क्रू हाताने सुरू करावेत. आधी उलट्या दिशेने हळू फिरवावे. आट्याचे तोंड आट्याला लागले की बोटांना हलकासा ठोका जाणवतो, आणि तिथून सरळ फिरवावे, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. सगळे स्क्रू लागल्यावर आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. स्क्रूचे डोके पॅनेलला टेकल्यानंतर अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या सात-आठ मिनिटांएवढा फेरा पुरतो. सैल होण्याची भीती असेल तर स्क्रूच्या डोक्याखाली लहान रबरी ओ-रिंग घालावी, किंवा धातूच्या आट्यांत सर्वांत कमी ताकदीच्या, जांभळ्या थ्रेडलॉकरचा सूक्ष्म थेंब लावावा. प्लास्टिकच्या पॅनेलजवळ थ्रेडलॉकर नको, त्याने काही प्लास्टिकांना तडे जातात.

बसवल्यानंतरची तपासणी

मॅगझिनच्या पोकळीत विजेरीने पाहावे. पातळ ग्रिपसाठी आखूड बुशिंग आणि आखूड स्क्रू लागतात. जुनेच लांब स्क्रू वापरले तर त्यांची टोके आत येतात. रिकामे मॅगझिन घालून ते सोडणारा खटका दाबावा. बहुतेक पिस्तुलांत ते स्वतःच्या वजनाने पडायला हवे. ते अडखळले किंवा त्याच्या अंगावर नव्या उभ्या रेघा दिसल्या, तर स्क्रू किंवा बुशिंग बहुधा आत आले आहे. त्यानंतर चेंबर पुन्हा रिकामे असल्याची खात्री करून सेफ्टी दोन्ही स्थितींत सहज सरकते का, मॅगझिनचा खटका पॅनेलच्या कडेला घासत नाही ना, स्लाइड स्टॉप मोकळा आहे का, चाप ओढून सोडल्यावर पूर्ण पुढे येतो का आणि मुठीच्या मागची, हाताने दाबली जाणारी ग्रिप सेफ्टी असल्यास ती दाबल्याशिवाय चाप निकामी राहतो का, हे एकेक करून पाहावे. यासाठी बारूद नसलेली नकली सराव काडतुसे वापरावीत, खरी नव्हेत. सेफ्टी नीट काम करत नसेल तर नवी ग्रिप काढून जुनी लावावी आणि तपासणी पुन्हा करावी. जुन्या ग्रिपनेही दोष राहिला तर पिस्तूल कारागिराला दाखवल्याशिवाय वापरू नये.

रेंजवरच्या पहिल्या सत्रानंतर स्क्रू पुन्हा तपासावेत, कारण नव्या लाकडात डोके थोडे रुतते आणि स्क्रू तेवढाच सैल होतो. हवामान बदलल्यावरही लाकडी ग्रिपचे स्क्रू एकदा पाहावेत. जुनी पॅनेल, त्यांचे स्क्रू आणि काढलेली बुशिंग एका पिशवीत घालून, त्यावर पिस्तुलाचे नाव लिहून ठेवावीत. पुढे पिस्तूल विकताना मूळ ग्रिप सोबत असलेली घेणाऱ्याला हवी असते, आणि नवी ग्रिप हाताला पटली नाही तर तीच पुन्हा लावता येते.